सभा तहकूब, अर्ध्या तासाने

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. छडी, डबा, सहल यांवर इतरांनी लिहिलं असेलच. माझं पोटापाण्याचं काम सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं. तेव्हा माजी विद्यार्थी संघाच्या वहीत हमखास चुकणाऱ्या एका शब्दावर लिहितो : तहकूब.

सभेची वेळ यायच्या आधीच तारीख पुढे ढकलली, तर सभा मुलतवी. वेळ झाली, अध्यक्ष खुर्चीत बसले आणि मग थांबावं लागलं, तर तहकूब. रद्द सभेचं नाव पुन्हा निघत नाही. तहकूब सभा मात्र पुढे चालते, आणि तीच सभा चालते. म्हणून तिथे उरलेलेच विषय घ्यायचे. मधल्या वेळात सुचलेला नवा विषय घुसडायचा नाही.

सगळ्यात जास्त घोळ कोरमचा, म्हणजे गणपूर्तीचा : सभेला किमान किती माणसं हजर हवीत त्याचा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सर्वसाधारण सभेची गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांत जी संख्या कमी ती. अर्धा तास थांबूनही माणसं जमली नाहीत, तर सभा तहकूब होते आणि नंतर आहेत तेवढ्यांवर चालते. पण नोटिशीच्या तळाला हे वाक्य हवंच : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.’ ते विसरलं, तर ठरावांवर हरकत घ्यायला आयती जागा मिळते. इतिवृत्तात सगळ्या वेळा लिहाव्यात : ११.०० वाजता हजर १३, ११.३० वाजता सभा तहकूब, १२.०० वाजता पुन्हा सुरू. नुसतं १२.०० लिहिलं की सभा उशिरा सुरू झाली एवढंच दिसतं.

विधानसभेत गणपूर्ती एकदशांश, म्हणजे २८८ मध्ये २९. तिथेही कामकाज तहकूब होतं. अधिवेशनच संपवलं की ते संस्थगित. ते राज्यपालांचं काम.

महापालिकेत एखादा विषय ‘तहकूब ठेवला’ म्हणजे तो परत येणार. ‘दप्तरी दाखल’ झाला, तर त्याची वाट पाहू नये.

महसुलात हाच शब्द पैशाला लागतो. तहकुबी म्हणजे शेतसारा पुढे ढकलला, सूट म्हणजे माफ केला. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात वाद तहकुबीचाच होता : पीक चार आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक) किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची वसुली पूर्ण तहकूब व्हावी, असा नियम होता, आणि पीक किती आणे यावरच सरकार आणि शेतकऱ्यांचं जमत नव्हतं.

आणि मराठीच्या तासाचा नियम इथेही लागू : तहकूबमधला ‘कू’ दीर्घ, तहकुबीतला ‘कु’ ऱ्हस्व. संघाच्या वहीत दोन्ही उलटे आहेत.