कर्सर उड्या मारत होता, दोष बोर्डात होता

गेल्या पावसाळ्यात पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात खोली घेतली. माझं काम भाषांतराचं, दिवसभर लॅपटॉपवर. राहायला आल्यावर दोन दिवसांत टचपॅड बिघडला. कर्सर जागच्या जागी थरथरायचा, बोट न दाबताच फाइल उघडायची, पान खाली सरकवायला गेलं की अक्षरं एकदम मोठी व्हायची. चार्जर काढला की सगळं शांत.

आधी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. पॅड मऊ कापडानं पुसला. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, सुरू करून पाहिलं. तिथेही तोच प्रकार, म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष नाही एवढं नक्की झालं. दुरुस्तीवाल्यानं टचपॅड बदलायला सांगितलं, पण त्याच्याच दुकानात माझाच चार्जर लावून अर्धा तास काम केलं तर कर्सर एकदाही भरकटला नाही. तेव्हा मी लॅपटॉप उचलून घरी आले.

त्या रात्री अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकवून बसले होते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट हलकेच फिरवलं तर बारीक झिणझिण्या आल्या. डावा तळहात त्याच धातूवर घट्ट ठेवला आणि उजव्या हातानं कर्सर हलवला, तर तो सरळ चालला. हात उचलला की पुन्हा थरथर. हे मी दहा-बारा वेळा करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटरचं एक टोक लॅपटॉपच्या स्क्रूला, दुसरं मोरीतल्या लोखंडी नळाला लावलं. आकडा आला 104 व्होल्ट. मी घाबरले. ते म्हणाले, "ताई, करंट अगदी किरकोळ आहे, पण हा जिथं जायला हवा तिथं जात नाहीये."

मग होल्डरला लावलेला बल्ब त्यांनी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यामध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणाऱ्या तारेमध्ये, धरला, काहीच नाही. बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकामागचा, अर्थची तार जोडायचा स्क्रू कोरा होता, त्याला तारच नव्हती.

चार्जरमधलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्यातून विजेचा गोंगाट तयार होतो. तो अर्थच्या तारेनं बाहेर काढायला आत छोटे कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) असतात. अर्थच नसेल तर त्यांच्यामुळे लॅपटॉपची बॉडी 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. टचपॅड बोटामुळे होणारा कपॅसिटन्सचा (विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेचा) अगदी सूक्ष्म फरक मोजतो, त्यामुळे हा गोंगाटही त्याला बोटाचीच हालचाल वाटते. तळहात बॉडीवर ठेवला की माझं शरीर आणि लॅपटॉप एकाच पातळीवर येतात, म्हणून तो शांत व्हायचा.

शेजारी उभ्या असलेल्या एकानं सुचवलं की न्यूट्रलवरून अर्थला छोटी तार मारा, काम होतं. काका तिथेच त्याच्यावर चिडले, आणि ते योग्यच होतं. कधी न्यूट्रल तुटला तर त्या जोडणीतून लॅपटॉपच्या, फ्रिजच्या बॉडीवर पूर्ण 230 व्होल्ट येतात. हात लागला की माणूस जाऊ शकतो. ही पळवाट आजही अनेक घरांत आहे, कृपा करून कोणालाही करू देऊ नका. तीन पिनच्या चार्जरला दोन पिनचा जोड लावणंही सोडा, त्यात अर्थची पिनच सुटते.

वाड्याच्या मीटरपाशी अर्थिंगचा खड्डा होता, फक्त तिथून वर तार ओढलेलीच नव्हती. घरमालक काकूंनी लगेच होकार दिला. मीटरच्या बोर्डापासून जिन्याच्या कडेनं हिरवी तार वर आणायला दुपार गेली. पुन्हा बल्ब धरला, फेज आणि अर्थमध्ये लख्ख पेटला. लॅपटॉप आणि नळामधला आकडा एक व्होल्टच्याही खाली आला.

काकूंच्या फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की त्यांनाही झिणझिण्या यायच्या. त्यांना वाटायचं, फ्रिज जुना झाला. त्याच तारेला काकांनी त्यांचाही प्लग जोडला.