लाल पागोट्याचा माणूस

आमच्या चित्रकलेच्या वर्गात रंगांच्या कपाटाशेजारी एक जुने छापील चित्र लावलेले असे. डोक्याला गुंडाळलेले लालभडक कापड, गळ्याशी फरची कड असलेला गडद अंगरखा, मागे नुसता काळोख आणि त्या काळोखातून थेट आपल्याकडे रोखून पाहणारा एक प्रौढ पुरुष. इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीसाठी शाळा सुटल्यावर आम्ही थांबत असू, तेव्हा एकदा मी म्हणालो, "सर, ह्याने फेटा बांधलाय." सरांनी समजावले की तो फेटा नव्हे, शॅपरॉन नावाचे युरोपीय शिरोवस्त्र आहे आणि त्याची लोंबती टोके डोक्यावर बांधून टाकली आहेत, काम करताना ती रंगात बुडू नयेत म्हणून चित्रकार असे करत असावा.

"म्हणजे हा चित्रकार आहे?" ह्या माझ्या प्रश्नावर सरांनी फळ्यावर एक चौकट काढली. हे चित्र यान व्हॅन आइक याचे, एवढे नक्की, कारण त्याने मूळ लाकडी चौकटीच्या खालच्या पट्टीवर लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे की, यान व्हॅन आइकने मला २१ ऑक्टोबर १४३३ रोजी घडवले. वरच्या पट्टीवर त्याच्याच भाषेतले तीन शब्द आहेत, 'आल्स इख कान', म्हणजे मला जमते तसे. त्यातला 'इख' हा 'मी' त्याच्या आडनावाशी खेळतो. चेहरा कोणाचा, हे मात्र चौकटीवर कुठेच नाही. आरशात पाहून स्वतःला रंगवणाऱ्याचीच नजर अशी समोरच्यावर खिळते, म्हणून बहुतेक अभ्यासक हे आत्मचित्र मानतात, पण लंडनची नॅशनल गॅलरी नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवते. मला ते प्रश्नचिन्ह आजही योग्य वाटते. बर्गंडीच्या ड्यूकच्या पदरी असलेला आणि १४४१ मध्ये ब्रुजला वारलेला हा माणूस १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात आरशाच्या वर भिंतीवर 'येथे होता' असे नावानिशी लिहितो, १४३९ मध्ये पत्नी मार्गारेटचे चित्र काढतो तेव्हा चौकटीवर तिच्याच तोंडून आपल्या पतीने आपल्याला पूर्ण केले असे वदवतो. इतक्या ठिकाणी नाव सोडणाऱ्याने आपल्या चेहऱ्याखाली 'हा मी' एवढे लिहिले नाही.

पुढे नोकरीनिमित्त लंडनला गेलो, तेव्हा ते चित्र प्रत्यक्ष पाहिले. आमच्या वहीच्या पानाएवढे, साधारण २६ सेंटिमीटर उंच आणि १९ सेंटिमीटर रुंद. हनुवटीवरचे खुंट मोजता येतील असे वाटत होते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या लाल शिराही दिसत होत्या. मग मी चौकटीकडे वळलो. सरांनी फळ्यावर प्रत्येक अक्षराच्या एका कडेला सावली दिली होती, आणि आम्ही ती सजावट समजून वहीत तशीच उतरवली होती. लाकडात कोरल्यासारखी दिसणारी ती अक्षरे खरे तर सपाट पृष्ठभागावर रंगवलेली आहेत. वर्गातल्या छापील चित्रात चौकट नव्हतीच.