छत्तिसाव्या वर्षी एमबीए: चाकण ते मानहाइम

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी चौदा वर्षं क्वालिटीत काढली. जर्मन ग्राहकाचं ऑडिट आलं की उत्तरं आम्ही द्यायची. पण कुठला भाग आपण बनवायचा, कुठला बाहेर द्यायचा, भाव काय लावायचा हे दुसऱ्याच खोलीत ठरायचं. मला त्या खोलीत बसायचं होतं.

सुरुवात चुकीची झाली. रँकिंगची यादी उघडली आणि वरून खाली वाचत गेले. फ्रान्समधल्या इन्सियाड या बिझनेस स्कूलचा दहा महिन्यांचा कोर्स मनात भरला. फी लाख युरोंच्या घरात, तरी महिनाभर तेच डोक्यात होतं. मग ओळखीतल्या एका ताईंना फोन केला. त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर जाऊन एमबीए केलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "तुला काय बदलायचंय गं? काम, क्षेत्र की देश? तिन्ही एकदम बदलायला गेलीस तर तुझ्या चौदा वर्षांचा कुणाला उपयोग राहणार नाही."

त्या रात्री वहीत लिहिलं: काम बदलायचं, देश बदलला तर चालेल, क्षेत्र मात्र सोडायचं नाही. यादी तिथेच निम्मी झाली.

उरलेली यादी घरामुळे पुन्हा निम्मी झाली. अनुभवी लोकांसाठीच आखलेले वर्षभराचे कोर्स आहेत, अमेरिकेतल्या एमआयटीचा स्लोन फेलोज, लंडन बिझनेस स्कूलचा स्लोन. पण ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून अशा पदव्युत्तर कोर्ससाठी जोडीदार आणि मूल सोबत नेता येत नाही. अमेरिकेत एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. माझा मुलगा सात वर्षांचा. नवऱ्याने वर्षभर घरी बसावं असं मला मागायचं नव्हतं आणि मुलाला सोडून जायचंही नव्हतं. नोकरी सांभाळून एक्झिक्युटिव्ह एमबीए करण्याचाही विचार केला, पण पदवी घेऊन मी त्याच खुर्चीत परत आले असते.

जर्मनीत हे सगळं जुळत होतं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात आणि जोडीदाराला काम करता येतं. शिवाय माझं क्षेत्र तिथलंच. मानहाइम हे कार्ल बेन्झचं गाव, 1886 च्या पेटंटची मोटार त्याने इथेच बनवली. इथल्या एमबीएच्या वर्गाचं सरासरी वय तिशीच्या आसपास, म्हणजे मी मोठी असणार होते, पण अगदी परकी नाही.

मग जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा. आता ही परीक्षा सव्वादोन तासांची आहे आणि भूमिती गेली आहे. पहाटे साडेचारला उठून दोन तास, मग कंपनीची बस. क्वांटने, म्हणजे गणिताच्या भागाने रडवलं. तक्ते आणि आलेख वाचायचा डेटा इनसाइट्सचा भाग मात्र सोपा गेला. नापास झालेल्या मालाचे तक्ते वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते आपलंच वाटतं. अनुभवी मंडळींनी या भागाला घाबरू नये.

सगळ्यात जास्त वेळ नावाने खाल्ला. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. पदवीवर 'पुणे विद्यापीठ', आणि 2014 पासून विद्यापीठाचं नाव 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. जर्मन व्हिसासाठी आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याची फी 18,000 रुपये. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, ट्रान्स्क्रिप्ट सगळं गोळा केलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, कोर्स ठरायच्या आधी हे काम उरकून घ्या.

शिफारसपत्र मागायला प्लांट हेडच्या केबिनबाहेर दोनदा जाऊन परत आले. पत्र मागायचं म्हणजे मी जाणार आहे हे सांगायचं, आणि प्रवेश मिळेलच याची खात्री नाही. तिसऱ्यांदा आत गेले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी प्रॉडक्शन लाइन तुम्ही दोनदा थांबवलीत, ते लिहू का?" एरवी ज्यावरून वाद झाले होते तेच त्यांनी पत्रात घातलं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला.

पैशाचं थोडक्यात सांगते. कर्जाला वडिलांचा फ्लॅट तारण. व्याजावर आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. फीशिवाय राहण्याच्या खर्चाचे 11,904 यूरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागले.

नवऱ्याला जोडीदार व्हिसासाठी ए-वन म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन लागणार होतं. रोज ऑफिसनंतर तो पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात कॉलेजच्या मुलांमध्ये बसून 'डेर, डी, डास' घोकत होता. त्या तीन महिन्यांत स्वयंपाक सासूबाईंनी आणि मी वाटून घेतला. तो पास झाला त्या दिवशी मला माझ्या जीमॅटच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

मी सप्टेंबरमध्ये एकटी आले. तिघांना पुरेल असं घर आता मिळालंय. मानहाइमच्या मध्यभागी पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं, इमारतींच्या चौकटींना अक्षर आणि आकडा आहे. मुलाला फोनवर पत्ता सांगितला तर त्याने लगेच वहीत चौकटी आखल्या आणि विचारलं, "आई, माझी शाळा कुठल्या चौकटीत?" उद्या कॉलेजनंतर तेच विचारायला जाणार आहे.