सोयाबीन घातलं आणि फॅट पडली

दिवाळी झालेली, 2024 ची. सोयाबीनला हमीभाव 4892 रुपये जाहीर होता पण व्यापारी त्याच्या बरंच खाली मागत होते, म्हणून कागल तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ठरवलं की विकण्यापेक्षा गायींनाच घालू. चार एचएफ (होल्स्टिन) गायी. कच्चं सोयाबीन भरडून गायीमागं रोज दोन किलो, वर सरकी दोन किलो चालूच, आणि ऊसतोड सुरू झाल्यामुळं वैरणीला नुसतं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे.

दूध जरा वाढलं पण फॅट 3.8 वरनं 2.7 वर. दूध संस्थेत चारचौघात विचारलं, पाणी घालताय काय. घरातल्या आजी सगळ्या धारा स्वतः काढतात, मी जनावरांचा डॉक्टर म्हणून गेलो तेव्हा त्या हे सांगताना रडायलाच लागल्या आणि मला खरंच फार राग आला, कारण उत्तर त्यांच्याच पावतीवर होतं की! एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, 8.5. पाणी घातलं असतं तर एसएनएफ पण पडला असता, एकटी फॅट कशी पडेल?

गोठ्यात बघितलं तर शेण पातळ, गायी बसलेल्या पण रवंथ जवळपास नाहीच. सोयाबीन आणि सरकी, दोन्हीत तेल वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गायीच्या पोटात रोज पाऊण किलोच्या वर जादा तेल. एकूण कोरड्या खाद्यात सहा-सात टक्क्यांच्या पुढं तेल गेलं की अवघड होतं.

तेल घातलं की फॅट वाढणार असं सगळेच धरून चालतात. पण तेल आधी पोटातल्या जंतूंना सोसायला पाहिजे. भरडलेल्या दाण्यातलं तेल एकदम सुटतं, चोथा पचवणारे जंतू मरतात, मग चोथा पचताना तयार होणारं, फॅटसाठी लागणारं ॲसिटेट कमी पडतं, आणि वर त्याच तेलापासून अर्धवट बदललेली काही फॅटी ॲसिडं तयार होतात जी कासेत फॅट बनणंच दाबून टाकतात. अख्ख्या सरकीचं तेल हळूहळू सुटतं, त्यामुळं ती बेतानं घातली तर चालते.

सोयाबीन बंद केलं, सरकी निम्मी, कडबा चालू केला. काही आठवड्यांत फॅट परत साडेतीनच्या वर आली.

"मग उरलेल्या पोत्यांचं काय करू ओ डॉक्टर?" आजींनी विचारलं. म्हटलं भाजून घ्या आणि गायीमागं अर्धा किलोच घाला, पण युरिया मारलेल्या वैरणीबरोबर कच्चं सोयाबीन कधीच नको, त्यातलं युरिएज नावाचं विकर युरियाचा झटक्यात अमोनिया करतं आणि गाय दगावू शकते.