भिंतीवरची कार्डं : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं, ‘आता पद्धत बसली.’ नाही बसली. उलट जी होती तीच मोडलीय, आणि याला निमित्त झाला आमचा छताचा पंखा.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलांचं एक गाजलेलं पुस्तक घ्यायचं आणि त्यावरून निघालेला सिनेमा घ्यायचा. दोन्हींतले प्रसंग सुटे करून कार्डांवर लिहायचे आणि बेडरूमच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावायचे. पुस्तकातून पडद्यावर आलेल्या प्रसंगाला पिवळं कार्ड, पुस्तकातच राहिलेल्याला निळं आणि सिनेमावाल्यांनी पदरचं घातलेल्याला गुलाबी. हिशोब सरळ होता. पिवळं जास्त भरलं तर सिनेमा पुस्तकाशी इमान राखून, गुलाबी जास्त तर नुसतं नाव उसनं घेतलेलं.

गेल्या महिन्यात ‘पॅडिंग्टन’ लावला होता, म्हणजे लंडनच्या ब्राउन कुटुंबात राहायला आलेल्या अस्वलाची गोष्ट. मायकल बाँडचं पहिलं पुस्तक १९५८ चं, पॉल किंगचा सिनेमा २०१४ चा. सगळी कार्डं लागली आणि त्याच रात्री कुणीतरी पंखा पाचवर केला. सकाळी निम्मी भिंत पलंगाखाली! क्रम गेला, म्हणून सिनेमा पुन्हा पाहावा लागला, आणि दुसऱ्यांदा पाहताना माझे रंग मलाच पटेनात.

पुस्तकात आठ प्रकरणं आहेत. बहुतेकांची तऱ्हा एकच: अस्वल कुठेतरी जातं, गोंधळ घालतं आणि शेवटी सगळं गोड होतं. रात्री झोपताना एकेक वाचायला हे झकास, पण दीड तासाच्या सिनेमाला ओढून नेणारा दोरा त्यात नाही. सिनेमाने घेतली ती मुख्यतः पहिली तीन: स्टेशन, बाथरूम आणि भुयारी रेल्वे. बाकीचं, म्हणजे दुकानाची काच, चित्राची भानगड, नाटक, समुद्रकिनारा, निळ्यात गेलं. माझ्या जुन्या हिशोबाने सिनेमा नापास.

आता सरकत्या जिन्यापाशी या. पाटी लिहिलेली आहे की कुत्र्यांना उचलून न्यावं. अस्वल पाटी वाचतं. कुत्रा तर जवळ नाही. मग काय, शोधून आणतं, उचलतं आणि जिन्यावर उभं राहतं. आणखी एक पाटी उजवीकडे उभं राहायला सांगते, तर हे एका, उजव्या पायावर! पुस्तकातही जिना आहे, गोंधळही आहे, पण कुत्र्याची गंमत सिनेमाची स्वतःची, म्हणजे कार्ड गुलाबी. तरी बाँडचा विनोद नेमका कसा चालतो हे त्या अर्ध्या मिनिटात जितकं दिसतं तितकं बाथरूमच्या पिवळ्या कार्डात दिसत नाही. नियम मनापासून पाळणारा पाहुणा, आणि पाळण्यामुळेच होणारा घोळ. बाथरूमचं उलट झालंय. पुस्तकात अस्वल दाढीच्या क्रीमने जमिनीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढतं. सिनेमात टब जिन्यावरून घरंगळत खाली येतो. मूळ प्रसंग पुस्तकातला म्हणून मी पिवळं लावलं होतं, पण मजा सगळी दणदणाटाची. नकाशा काढणारं अस्वल घरची आठवण काढत असतं असं मला तरी वाटतं, आणि तेच नेमकं गळलं.

दुसरा प्रसंग ग्रुबर यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातला. खेळण्यातल्या रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतून त्यांचं लहानपण दिसतं: युद्धाच्या दिवसांत एकटाच गाडीत बसवून परदेशी पाठवलेला मुलगा. हा प्रसंग पुस्तकात नाही. पण अस्वलाच्या गळ्यातली ‘कृपया या अस्वलाची काळजी घ्या’ अशी चिठ्ठी आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात घरापासून दूर पाठवलेली, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली मुलं बाँडच्या डोळ्यांसमोर होती. म्हणजे पुस्तकाच्या मागे होतं ते सिनेमाने पुढे आणलं. याला गुलाबी म्हणायचं मला धाडस होईना. कार्ड अजून हातात आहे.

आणि अस्वलाला मारून त्यात पेंढा भरायला निघालेली खलनायिका? निकोल किडमन पोशाखात झकास दिसते, पण तिची कार्डं काढली तरी सिनेमा उभा राहतो. अस्वलाला घरी ठेवणाऱ्या ब्राउनसाहेबांची काढून बघा! ‘एक रात्र राहू दे’ म्हणणारा धास्तावलेला बाप शेवटी बर्फात इमारतीच्या कठड्यावरून चालतो, खरा दोरा तो. तोही बहुतांशी गुलाबीच. पुस्तकातले ब्राउन इतके आढेवेढे घेत नाहीत.

आता घरचं. ‘फास्टर फेणे’ची भिंत सुरू केली आहे. भा. रा. भागवतांचा हा बन्या, म्हणजे बनेश फेणे, फुरसुंगीचा, शाळकरी, सायकलवर उडणारा. १९८७ ला दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन होता, तेव्हा तोही पोरसवदाच. २०१७ च्या आदित्य सरपोतदारच्या सिनेमात अमेय वाघचा बनेश मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो आणि ‘आत्महत्या’ म्हणून मिटवलेल्या एका मृत्यूच्या मागे लागतो. भाची (वय ९) वीस मिनिटांत म्हणाली, “मामा, हा मोठा का झाला?”

“मोठा झाल्यावरची गोष्ट आहे गं.”

“मग लहानपणीची कुठेय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमा मला आवडतो. परीक्षेतला काळाबाजार हा विषय आजच्या घराघरात कळणारा आहे, आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा अंगावर येतो. पण मुलांच्या हातातला नायक तरुणांच्या हाती गेला, हे तिने बरोबर पकडलं. पॅडिंग्टनवाल्यांना हीच अडचण आवाजात आली होती. आधी कॉलिन फर्थ बोलणार होता, पण त्या कोवळ्या अस्वलाला तो आवाज फार पोक्त वाटला आणि बेन विशॉ आला. बन्याच्या बाबतीत त्याचा तो तोंडाने काढायचा ‘ट्टॉक’ आवाज तेवढा शाबूत राहिला. ते कार्ड पिवळं, आणि भाचीने स्वतः लावलं.

दिलीप प्रभावळकरांचं कार्ड मात्र मी लावायचं बाकी ठेवलंय. सिनेमात ते खुद्द भा. रा. भागवत होतात. लेखकाला पात्र करणं ही पुस्तकाची चोरी की पुस्तकाला केलेला नमस्कार? त्यात प्रभावळकर स्वतः ‘बोक्या सातबंडे’चे लेखक, आणि त्या बोक्यावर २००९ मध्ये सिनेमा येऊन गेलेला. पुढची भिंत त्याचीच.

तर चौथा रंग काढतोय, हिरवा: पुस्तकात नसलेलं, पण पुस्तकाच्या पोटातलं. काल अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं पालथी घातली. हवा तसा फिका हिरवा नाहीच, मिळाला तो भडक पोपटी. शंभराचं पाकीट घेतलं. ग्रुबर लावून झाले, जिन्यावरचा कुत्राही. प्रभावळकर उशाशी आहेत. पंख्याच्या रेग्युलेटरवर भाचीने तीनच्या पुढे चिकटपट्टी मारून ठेवलीय.