पदेराचा भोंपू

आज संध्याकाळी पदेराचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि हात आपसूक काकणांकडे, त्या बांगडीसारख्या कडक पावांकडे गेला.

वजन कमी करण्यासाठी केलेल्या माझ्या स्लीव्ह सर्जरीला चौदा महिने झाले. त्यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने मला भूक अशी लागलीच नाही. वाटलं, सुटले! आता ती हळूहळू परत येतेय. बऱ्याच जणांचं असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

जेवणात माझं चुकत नाही. आधी मासळी किंवा अंडं, मग भाजी, भात दोनच घास, पाणी अर्ध्या तासानं. घोळ होतो तो मधल्या वेळेत. सुरमईची एक तुकडी पोटाला गच्च वाटते, पण काकण चहात बुडवलं की मऊ होऊन सरकतं, पोटाला कळतच नाही. मग दुसरं, तिसरं...

आज एक मोडलं, ओट्यावर चुरा पडला. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "अगो, दुपारी जेवलीस मगो?"

नव्हतेच जेवले. शुक्रवार, म्हापशाचा बाजार, उन्हात फिरताना राहूनच गेलं. म्हणजे ही खरी भूक होती, आणि मी तिला काकण देत होते.

सकाळच्या मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची नारळ घातलेली उसळ) गरम केल्या. सावकाश चावत खाल्ल्या. अर्ध्या वाटीतच पोट भरलं.

पुढच्या शुक्रवारी पिशवीत दोन उकडलेली अंडी न्यायची. आठवण सासूबाई करणार आहेत.