फाइव्ह सॅटिन्सच्या मागावर न्यू हेवनला

न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेची न्यू हेवन लाइन पकडली की साधारण दोन तासांत न्यू हेवनचं युनियन स्टेशन येतं. जाताना उजवीकडची खिडकी धरावी, मधूनमधून समुद्र दिसतो. सकाळची गर्दी टळल्यावर निघालं तर ऑफ-पीक तिकीट चालतं आणि ते बरंच स्वस्त पडतं. न्यू जर्सीत एडिसनकडच्या मंडळींना मेट्रोपार्कहून अ‍ॅमट्रॅकने थेटही जाता येतं. पैसे जास्त, पण पेन स्टेशनहून ग्रँड सेंट्रल गाठायची यातायात वाचते.

मी गेलो ते फाइव्ह सॅटिन्स या गायकांच्या गटाच्या 'इन द स्टिल ऑफ द नाइट' या गाण्याच्या कागदपत्रांसाठी. फ्रेड पॅरिस हा न्यू हेवनचा मुलगा सैन्यात असताना रात्रीच्या पहाऱ्यावर हे गाणं त्याला सुचलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये याच गावात, सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात, ते ध्वनिमुद्रित झालं. आधी याच गावातल्या स्टँडॉर्ड नावाच्या चिमुकल्या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर, 'द जोन्स गर्ल' या गाण्याच्या मागच्या बाजूला आलं. मग न्यू यॉर्कच्या एंबर कंपनीने ते उचललं आणि ते पॉपच्या यादीत २४व्या, रिदम अँड ब्लूजच्या यादीत ३ऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

ग्रंथालयात जाण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांत 'डू-वॉप' हा शब्द शोधलात तर हाती भोपळा येईल. या संगीताला, म्हणजे चार-पाच आवाजांच्या गटगायनाला, हे नाव साठच्या दशकात चिकटलं. १९५६ च्या बातमीत 'व्होकल ग्रुप', 'क्विंटेट', 'रिदम अँड ब्लूज' असे शब्द असतात. गटाचं नाव अक्षरांत आणि आकड्यात, दोन्ही प्रकारे शोधा. गाण्याच्या शेवटच्या शब्दाचंही तेच. गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं याच नावाचं १९३७ चं गाणं प्रसिद्ध होतं. घोटाळा टाळायला फाइव्ह सॅटिन्सच्या गाण्यात 'नाइट'चं स्पेलिंग आखूड ('Nite') केलं आणि नावाच्या सुरुवातीला कंसात 'आय'ल रिमेंबर' जोडलं.

हा घोटाळा कॉपीराइटच्या नोंदी चाळताना पुन्हा आडवा येतो. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात नोंदणीचं नूतनीकरण २८व्या वर्षी करावं लागे. म्हणजे १९६४-६५ च्या आसपासची नूतनीकरणाची नोंद दिसली, तर ती पोर्टरच्या गाण्याची समजावी. १९५६ च्या गाण्याची पाळी १९८४ ला येते आणि १९७८ नंतरच्या नोंदी ऑनलाइन आहेत, तेव्हा ती तिकडे शोधायची. शिवाय या नोंदी फक्त गीत-संगीताच्या. ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट १९७२ पासून मिळू लागला, त्यामुळे त्या दिवशी माइकसमोर कोण उभं होतं हे तिथे कळत नाही.

एल्म स्ट्रीटवर, ग्रीन नावाच्या मोठ्या मैदानासमोर, न्यू हेवनचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथे मायक्रोफिल्मवर, म्हणजे छापील पानांच्या बारीक फिल्मवर, बसताना 'रजिस्टर' आणि 'जर्नल-कुरियर' ही दोन्ही वर्तमानपत्रं मागवा. पहिलं संध्याकाळचं, दुसरं सकाळचं. एकात गाळलेली बातमी दुसऱ्यात सापडू शकते. फिल्म काचेखालून ओढून अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर रीळ पालथं चढलंय. फोकसशी झटापट करू नका, काढून फिरवून लावा. पेन ड्राइव्ह जवळ असू द्या. आणि प्रत्येक चित्राच्या फाइलला तारीख, पान, रकाना हे तिथल्या तिथेच नाव द्या. घरी आल्यावर पन्नास बिननावाच्या फाइली म्हणजे रद्दी.

माझ्या मते खरा ऐवज मात्र सिटी डिरेक्टरीत असतो. प्राइस अँड ली कंपनी दरवर्षी या गावाची डिरेक्टरी छापायची. नाव, मग धंदा, मग पत्ता. पत्त्याआधी बारीक 'एच' असेल तर तो घरचा कर्ता, 'आर' असेल तर त्या घरात राहणारा. पोरसवदा गायक स्वतंत्र सापडले नाहीत तर आईवडिलांच्या नावाखाली पाहा. नावापुढे 'यूएसए' दिसलं की देश समजू नका, त्याचा अर्थ माणूस सैन्यात. आपल्या कामाला ही तीन अक्षरं सोन्याची, कारण या गटाची सगळी उलथापालथ भरतीमुळे झाली. पॅरिसचा आधीचा गट स्कार्लेट्स. 'डिअर वन' हे त्यांचं १९५४ चं गाणं हार्लेमच्या रेड रॉबिन लेबलवर आलं आणि पुढे पोरं सैन्यात गेल्याने गट विस्कटला. फक्त एक: छापील वर्ष आणि माहिती गोळा केल्याचं वर्ष यांत काही महिन्यांचं अंतर असतं. १९५६ ची प्रत १९५५ चं गाव दाखवत असू शकते, म्हणून तीन लागोपाठची वर्षं शेजारी ठेवून वाचावीत.

गायकांच्या शाळेच्या बाबतीत पाय नाहक दुखवू नका. हिलहाउस हायस्कूलच्या आजच्या इमारतीत जाऊन उपयोग नाही. पूर्वी शाळा गावाच्या मध्यात होती. ती जागा येल विद्यापीठाने घेतली आणि आज तिथे मोर्स आणि एझ्रा स्टाइल्स ही निवासी कॉलेजं उभी आहेत. जुन्या जागेचं बघण्यासारखं काही उरलेलं नाही. वार्षिकांक मिळतात का ते ग्रंथालयातच विचारा.

तबकडी स्वतःची असेल तर बरोबर न्या, नाहीतर निदान तिचे फोटो. लेबल आणि खोबणी यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा क्रमांक, कोरलेला असतो. वरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. टॉर्च जवळजवळ आडवी धरून तबकडी हळूहळू फिरवायची. छोट्या त्रिकोणाशेजारी आकडा दिसला तर ती प्रत लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात दाबलेली. लेबलवरच्या तारखेवर विसंबू नये, बहुतेकदा ती नसतेच. एंबरची लाल लेबलं आधीची, लाकडाच्या ओंडक्यांचं चित्र असलेली नंतरची. हे गाणं १९६० आणि १९६१ मध्ये पुन्हा यादीत आलं, त्यामुळे नंतरच्या प्रती बाजारात ढीगभर आहेत आणि 'पहिली आवृत्ती' म्हणून विकल्याही जातात.

आणि गायक? नाव फाइव्ह सॅटिन्स, पण त्या ध्वनिमुद्रणात आवाज चारच: पॅरिस, अल डेन्बी, जिम फ्रीमन, एड मार्टिन. पॅरिसला सैन्याने जपानला धाडल्यावर १९५७ च्या 'टू द आइल'मध्ये मुख्य आवाज बिल बेकरचा आहे. पाटी तीच, माणसं निराळी. आपल्या नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. म्हणून वहीत गटाच्या नावाखाली सभासदांची एकच यादी करू नका. प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी वेगळं पान ठेवा: तारीख, जागा, कोण गायलं, कोण वाजवलं, आणि हे कुठून कळलं.

सेंट बर्नाडेट चर्च शहराच्या पूर्वेला, बंदरावरच्या मोठ्या पुलापलीकडे, टाउनसेंड अ‍ॅव्हेन्यूवर आहे. स्टेशनहून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. ध्वनिमुद्रणाला ही जागा मिळवून दिली ती व्हिनी मॅझेटाने. तो याच चर्चचा, आणि गाण्याच्या मधला सॅक्सोफोनही त्याचाच. तळघर म्हणजे काही संग्रहालय नाही, त्यामुळे आधी फोन करून विचारा, आणि नाही म्हणाले तर बाहेरूनच इमारत बघा. हेडफोन बरोबर असतील तर पायऱ्यांशी उभं राहून एकदा गाणं लावा. सॅक्सोफोन सुरू झाला की मागचे आवाज 'डू-वॉप, डू-वा' धरतात. त्या आवाजांना किती जागा मिळालीय, ते इमारतीची लांबी-रुंदी डोळ्यांसमोर असताना जास्त नीट कळतं.